कॅलिसमधले हिरवे डाग, चिकट धुपाटणं आणि पितांबरी

प्रश्न थोडक्यात असा: वसईकडच्या एका चर्चमध्ये सॅक्रिस्टीची (पूजेची भांडी-वस्त्रं ठेवायच्या खोलीची) जबाबदारी नव्यानं अंगावर आली आहे. नाताळाआधी सगळी भांडी लखलखीत करायची आहेत. एका कॅलिसच्या (द्राक्षारसाच्या पवित्र पेल्याच्या) आत काळे-हिरवे ठिपके आलेत, मॉन्स्ट्रन्सच्या (पवित्र भाकर दर्शनाला ठेवायच्या पात्राच्या) किरणांवर तपकिरी जाळं पसरलंय, धुपाटणं आतून डांबरासारखं चिकट झालंय आणि मेणबत्त्यांच्या स्टँडवर वर्षभराचं मेण साचलंय. घरच्या तांब्या-पितळेला लावतो ती पितांबरी किंवा चिंच इथे चालेल का?

भरीव पितळी धुपाटण्याला बाहेरून चालेल, तेही वर्षातून एखाद-दोनदा. साध्या, बिनमुलाम्याच्या पितळी स्टँडलाही चालेल. बाकी कशालाच नाही. कॅलिस, पेटेन (पवित्र भाकरीची तबकडी), सिबोरियम (भाकरी ठेवायचं झाकणाचं पात्र) आणि लुनेट (मॉन्स्ट्रन्सच्या आत भाकर धरणारा भाग) या चार वस्तूंच्या जवळपासही ती डबी नेऊ नका.

कारण ‘सोन्याचं पाणी’ नावाप्रमाणेच पातळ असतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. उत्तम मुलाम्याचं सोनं 3 ते 5 मायक्रॉन असतं, आणि बाजारात तयार मिळणाऱ्या स्वस्त कॅलिसवर ते बरेचदा अर्धा मायक्रॉनही नसतं. घासायच्या प्रत्येक पावडरीत काहीतरी कण असतात आणि प्रत्येक घासणीत सोनं उतरतं. सोनं स्वतः काळं पडत नाही. मुलाम्यावर जी काळपट झाक दिसते ती खालच्या चांदीची किंवा तांब्याची, सूक्ष्म छिद्रांतून वर आलेली. म्हणजे ती काढायच्या नादात आपण नेमकं न बिघडलेलं सोनं खरवडून काढतो आणि छिद्रं मोठी करतो. पुढच्या वर्षी डाग जास्त येतात, मग आणखी जोरात घासलं जातं. खराब झालेल्या कॅलिसपैकी बहुतेक या चक्रातून गेलेले असतात.

हात लावण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. मिस्सेनंतरचं (वेदीवरच्या उपासनाविधीनंतरचं) शुद्धीकरण आणि धुणं ही दोन वेगळी कामं आहेत. शुद्धीकरण धर्मगुरू, डीकन (धर्मगुरूच्या खालचा दीक्षित सेवक) किंवा रीतसर नेमलेला अ‍ॅकोलाइट (वेदीसेवक) करतो. पाणी, किंवा द्राक्षारस आणि पाणी घालून पात्र खंगाळतो, ते पितो आणि पुसतो. ते झाल्याशिवाय सॅक्रिस्टननं साबणाच्या पाण्याला हात घालू नये. सिबोरियमच्या कडेच्या खाचेत पवित्र भाकरीचे कण अडकलेले दिसले तर ते कोरड्या मऊ ब्रशनं कॉर्पोरलवर (वेदीवर पात्रांखाली अंथरायच्या कापडावर) झाडून फादरांकडे द्या, नळाखाली धरू नका. शंका वाटली तर पहिलं पाणी सॅक्रेरियममध्ये, म्हणजे ज्याचा पाइप गटाराला न जाता थेट जमिनीत उतरतो त्या कुंडीत, ओता. सॅक्रेरियम नसेल तर पायदळी न येणाऱ्या मातीत ओता. प्युरिफिकेटर (पात्र पुसायचं कापड) आणि कॉर्पोरलच्या पहिल्या धुण्याच्या पाण्यालाही हेच लागू आहे.

आता ओळख. भांडं कशाचं आहे हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही, आणि रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. पायाच्या तळाशी ‘925’ असा शिक्का असेल तर स्टर्लिंग चांदी, म्हणजे 92.5 टक्के चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं. ‘ईपीएनएस’ लिहिलं असेल तर जर्मन सिल्व्हरवर चांदीचा विजेनं चढवलेला थर. त्यात आत चांदी नाही. तांबं, निकेल आणि जस्त आहे. शिक्का नसेल तर जिथे बोटं रोज लागतात तिथे, म्हणजे गाठीवर आणि पायाच्या कडेला, झिजलेली जागा भिंगानं पाहा. खालून पांढरा धातू डोकावत असेल तर चांदी किंवा जर्मन सिल्व्हर, गुलाबी असेल तर तांबं, मळकट पिवळा असेल तर पितळ. लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर आत लोखंड आहे, आणि पायाच्या मध्यभागीच चिकटला तर तो फक्त आतला बोल्ट असण्याची शक्यता जास्त.

पिवळ्या धातूवर लाखेचा किंवा कृत्रिम लॅकरचा थर आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. इलेक्ट्रिशियनकडचा मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून दोन्ही टोकं पृष्ठभागावर हलकेच टेकवा (टोचू नका, ओरखडा जाईल). उघडा धातू असेल तर बीप वाजते, लॅकर असेल तर वाजत नाही. मॉन्स्ट्रन्सवरचं ते तपकिरी जाळं बहुधा याच लॅकरचं आहे. थर कुठेतरी तडकला, तिथून दमट हवा आत शिरली आणि थराच्या खाली धातू काळा पडला. वरून कितीही पॉलिश लावलं तरी ते जाणार नाही, कारण डाग पॉलिशच्या आवाक्यातच नाही. लॅकर पूर्ण उतरवून नवा देणं हा एकच उपाय, आणि तो काम जाणणाऱ्या माणसाचा. तोवर कोरडं मऊ कापड फिरवा आणि पुढे जा.

कॅलिसकडे वळू. बहुतेक कॅलिस एकसंध नसतो. वरची वाटी, मधली गाठ, दांडा आणि पाय हे सुटे भाग एका आट्यांच्या सळईवर ओवलेले असतात आणि तळाशी नटानं आवळलेले असतात. सळई अनेकदा लोखंडी असते. अख्खा कॅलिस बादलीत बुडवला की पाणी पोकळ दांड्यात शिरतं आणि तिथेच राहतं. महिन्याभरानं तळातून गंजाचं पाणी वेदीच्या कापडावर ठिबकतं. म्हणून कॅलिस कधीही बुडवायचा नाही. धुताना गाठीला धरायचं. एका हातानं वाटी आणि दुसऱ्या हातानं पाय धरून पिळ दिला तर आटे घसरतात, वाटी डुलायला लागते आणि पायावरचा क्रॉस समोरून सरकतो.

रोजची किंवा आठवड्याची धुणी अशी:

1. प्लास्टिकच्या पसरट भांड्यात एक लिटर कोमट पाणी घ्या, त्यात अर्धा चहाचा चमचा सौम्य, रंग-वास नसलेला द्रव साबण. सिंकच्या तळाशी जाड पंचा अंथरा, निसटलं तर पोचा पडणार नाही.
2. हातातल्या अंगठ्या, घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवा. मुलाम्यावरचे लांब ओरखडे बरेचदा यांचेच असतात.
3. गाठ धरून वाटी आडवी करा आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडानं आतून एकदाच, न दाबता पुसा. जाळी, स्कॉचब्राइट, टूथब्रश वर्ज्य.
4. वाहत्या पाण्यानं खंगाळा, फक्त वाटी. वसई-विरारच्या अनेक विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड किंवा मचूळ असतं, त्याचे पांढरे डाग राहतात. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्यानं द्या. गॅरेजात बॅटरीत घालायचं पाणी मिळतं, तेच. पाच लिटरचा कॅन महिनोन्महिने पुरतो.
5. लगेच धुतलेल्या मांजरपाटानं किंवा मलमलीनं टिपून घ्या. नवं मांजरपाट दोनदा धुऊन खळ काढल्याशिवाय वापरू नका.
6. झाकायच्या आधी अर्धा तास पंख्याखाली उघडं ठेवा. उन्हात नको.

वाटीच्या तळाशी कधी पांढरट खरखरीत कवच बसतं. तो मळ नाही आणि चुनाही नाही, द्राक्षारसातलं टार्टरेट आहे. ते गार पाण्यात फारसं विरघळत नाही, गरम पाण्यात विरघळतं. वाटीत बोटभर गरम (उकळतं नव्हे) पाणी दहा मिनिटं ठेवा आणि कापडानं पुसा. नखानं खरवडू नका.

तुमचे काळे-हिरवे ठिपके मात्र गंभीर आहेत, आणि दोन्ही रंगांचा अर्थ वेगळा. काळं म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग. मुलाम्याच्या छिद्रांतून किंवा झिजलेल्या जागेतून खालची चांदी हवेतल्या गंधकाशी मिळाली. दिसायला वाईट, पण आरोग्याला तातडीचा धोका नाही. हिरवं म्हणजे तांब्याचा क्षार, जंगाल. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं तसाच हा प्रकार आहे. द्राक्षारस ताकाइतकाच, किंबहुना जास्त आंबट असतो (पीएच साधारण 3 ते 3.5) आणि मुलामा गेलेल्या जागी तो तांबं विरघळवतो. ज्या कॅलिसच्या आत हिरवं दिसतं तो त्या दिवसापासून वापरातून बाजूला ठेवायचा. घासून, हिरवं काढून, परत वेदीवर ठेवायचा नाही, कारण घासल्यानं उघडं तांबं वाढतं. रोमन मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये (क्र. 328) सोन्याहून कमी दर्जाच्या धातूचं पात्र आतून सोन्यानं मढवावं असं सांगितलंय. त्यामागे आदरभाव आहेच, पण रसायनशास्त्रही त्याच बाजूनं आहे.

एक अपवाद: ठिपके फिकट हिरवे, पावडरीसारखे असतील आणि पुसल्यावर काही दिवसांत त्याच जागी पुन्हा येत असतील, तर ते मिठातल्या क्लोराइडनं लागलेलं दुखणं आहे. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात हे होतं. पाण्यानं ते वाढतं. भांडं कोरडं करून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि धातू-संवर्धकाला दाखवा.

बिनमुलाम्याच्या चांदीचं, म्हणजे कॅलिसच्या बाहेरच्या भागाचं किंवा चांदीच्या मेणबत्तीदाणीचं, काय? तिथे खरोखर काळं पडलं असेल तर प्रेसिपिटेटेड चॉक वापरा. हे रसायनांच्या दुकानात मिळणारं अतिशय बारीक कॅल्शियम कार्बोनेट. शाळेचा खडू नको, त्यात जिप्सम आणि खडे असतात. फ्रेंच चॉकही नको, ते शंखजिरं. दोन चमचे चॉक, एक चमचा बॅटरीचं पाणी, चार-पाच थेंब स्पिरिट. दह्यासारखं घट्ट व्हायला हवं. कापसाच्या बोळ्यानं सरळ रेषेत, एकाच दिशेनं, न दाबता फिरवा, गोल गोल नाही. बोळा काळा झाला की फेकून नवा घ्या, कारण त्या काळ्या बोळ्यात आता धातूचे कण आहेत आणि तेच ओरखडतात. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा तसाच राहू द्या. तो कारागिरानं मुद्दाम ठेवलेला असतो, नक्षी त्यामुळेच उठून दिसते. सगळं पांढरं-फटक करण्याच्या हौसेनं जुनी कोरीव अक्षरं आणि दात्यांची नावं पुसट झालेली भांडी चर्चोचर्ची दिसतात. नंतर खंगाळताना खोबणीतला चॉक रंगाच्या मऊ कुंचल्यानं काढा, नाहीतर तो पांढरा होऊन बसतो.

टूथपेस्टमध्ये सिलिका असते आणि ती चांदीहून कितीतरी कठीण असते. राखेचंही तेच. रिठ्याचं पाणी सोनार वापरतात आणि बिनखाचांच्या सोन्याला ते बरं, पण सांध्यात त्याचा चोथा राहिला तर चिकटतो, म्हणून साबणच सोयीचा. आता इंटरनेटवरचा लाडका उपाय: अ‍ॅल्युमिनियम फॉइल, सोडा आणि गरम पाणी. तो काम करतो यात वाद नाही. अ‍ॅल्युमिनियम गंधक काढून घेतं, चांदी परत मिळते आणि सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. पण त्यासाठी वस्तू बुडवावी लागते, म्हणजे पोकळ दांड्याचा प्रश्न परत आलाच. शिवाय परत बसलेली चांदी खडबडीत आणि मलूल दिसते, खोबणीतला काळा रंगही सरसकट जातो. ऊद घालायच्या भरीव चांदीच्या चमच्यापुरतं ठीक. बाटलीत बुडवायचे ‘सिल्व्हर डिप’ तर नकोतच. त्यात आम्ल आणि थायोयुरिया असतं, ते छिद्रांत राहतं, आणि ज्या पात्रातून पुढे प्यायचं आहे त्यात ते राहू देणं हा प्रकारच नको.

कोविडच्या दिवसांत एक नवी खोड लागली: ब्लीचच्या पाण्यानं किंवा सॅनिटायझरनं पात्रं पुसणं. ब्लीच चांदीला काळं करतं आणि खड्डे पाडतं. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल लाखेचा थर मऊ करतं. साबण आणि गरम पाणी पुरेसं आहे.

सिबोरियमला कॅलिसचेच नियम लागू. झाकणावरचा क्रॉस हलतो का एवढं जास्तीचं पाहा. हलत असेल तर गोंद लावू नका, आतला नट बोटानं घट्ट करा. पाना लावून आवळलं की पातळ झाकण खळग्यासारखं आत ओढलं जातं. मॉन्स्ट्रन्सची साफसफाई करताना लुनेट आधी फादरांकडून रिकामी आणि शुद्ध करून घ्या. काचेवर थेट स्प्रे मारू नका, द्रव काचेच्या कडेतून आत जाऊन मुलामा खातो. कापड किंचित ओलं करून काच पुसा. किरणांमधली धूळ मऊ कुंचल्यानं, आतून बाहेर, टोकांच्या दिशेनं झाडा. फडक्याचे धागे टोकांत अडकतात आणि ओढताना किरण वाकतात. वाकलेला किरण हातानं सरळ करायला जाऊ नका. ओतीव पितळ दुसऱ्यांदा वाकवलं की तुटतं.

आता धुपाटणं. सॅक्रिस्टीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष याचंच होतं आणि सगळ्यात जास्त कष्टही याला पडतात. आत दोन गोष्टी साचतात. एक, ऊद-लोबानाचं जळलेलं राळ, जे थंड झाल्यावर डांबरासारखं घट्ट होतं. दुसरी, कोळशाची राख. राळ दिसते म्हणून लोक तिच्या मागे लागतात, पण खरा घात राख करते. राखेत पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि पावसाळ्यात रात्रीतून त्याची खारट, दाहक लगदी होते. वाटीला छिद्र पडतं ते इथून. त्यामुळे नियम एकच: धुपाटणं पूर्ण गार झालं की त्याच दिवशी राख काढायची. उरलेला निखारा धातूच्या बादलीतल्या वाळूत विझवा, कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, तो आतून तासभर धुमसत असतो.

आतली सुटी वाटी बाहेर येते का पाहा. येत असेल तर एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून ती अर्धा तास भिजवा आणि बांबूच्या किंवा लाकडी चपट्या काडीनं राळ खरवडा. उरलेला चिकटपणा स्पिरिटच्या बोळ्यानं जातो, कारण राळ स्पिरिटमध्ये विरघळते. हे काम उघड्या खिडकीपाशी, मेणबत्ती आणि निखाऱ्यापासून दूर करा, आणि धुपाटणं किमान दोन तास वाळल्याशिवाय त्यात कोळसा ठेवू नका. वाटी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सोडा वर्ज्य, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. तिथे फक्त स्पिरिट.

पुढच्या वेळी हा त्रासच टाळायचा असेल तर वाटीत फॉइलचे दोन थर घाला किंवा सेंटिमीटरभर धुतलेली, वाळवलेली नदीची वाळू पसरा आणि त्यावर कोळसा ठेवा. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. वाळूमुळे उष्णता तळाला थेट लागत नाही, हा दुहेरी फायदा. पेटता कोळसा कथलाच्या साध्या झाळणीला सहज वितळवतो (कथील-शिशाची झाळण 183 अंश सेल्सियसलाच सुटते). म्हणून धुपाटण्याचा कान किंवा कडी तुटली तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून डाग देऊन आणू नका. सोनाराकडून किंवा तांबटाकडून चांदीच्या डागानं जोडून घ्या. साखळीचे दुवे एकमेकांना घासून झिजतात. एखादा दुवा अर्ध्यावर आला असेल तर साखळी बदला, कारण ती तुटते तेव्हा आत निखारे असतात आणि खाली गालिचा असतो.

बाहेरून पितळ उघडं, भरीव आणि बिनलॅकरचं असेल तर पितांबरी चालेल: ओल्या हातानं, दोन-तीन मिनिटं, आणि मग भरपूर पाणी. चिंच, लिंबू किंवा कोकम लावून अर्धा तास ठेवायची सवय मात्र सोडा. आम्ल पितळेतलं जस्त आधी उचलतं, तांबं मागे राहतं आणि भांड्यावर गुलाबी डाग पडतात. चकाकी दिसते ती काही दिवसांची, कारण तो ताजा तांब्याचा पृष्ठभाग आधीपेक्षा लवकर काळवंडतो. अमोनिया असलेल्या द्रव पॉलिशबद्दल वेगळीच सावधगिरी हवी. ठोकून किंवा चाकावर दाबून घडवलेल्या पातळ पितळेत ताण साठलेला असतो आणि अमोनिया त्या ताणाला भेग पाडतो. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची, कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया. 1921 साली याचा शास्त्रीय उलगडा झाला. धुपाटण्याच्या झाकणाच्या जाळीदार कडेला केसासारख्या भेगा दिसल्या तर हे आठवा आणि ते पॉलिश बंद करा.

मेणबत्तीच्या स्टँडवरचं मेण सुरीनं काढू नये. मधमाश्यांचं मेण 62-64 अंशांना वितळतं, पॅराफिनचं बहुधा त्याच्या आसपास किंवा खाली. हेअर ड्रायरनं दोन-तीन मिनिटं ऊब द्या आणि मऊ झालेलं मेण कापडानं उचला. उरलेला पातळ थर मिनरल टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसा. ते रंगाच्या दुकानात मिळतं. स्टँड वजनदार असून आतून ठोकल्यावर भरीव आवाज आला तर पायात डांबर किंवा प्लास्टर भरलेलं असू शकतं. असा पाय तापवायचाही नाही आणि बुडवायचाही नाही.

पवित्र तेलांच्या डब्या वर्षातून एकदा, पवित्र आठवड्यात नवी तेलं आली की, स्वच्छ होतात. जुना कापूस जाळायचा, डबी कोमट साबणानं धुऊन पूर्ण वाळवायची. तेल जुनं होऊन खवट झालं की त्यातली आम्लं तांब्याला हिरवं करतात, म्हणून डबीच्या आतला मुलामा गेला असेल तर आत काचेची छोटी बाटली बसवा. आटे अडकले तर पक्कड नको, झाकणावर कोमट पाणी सोडा. पवित्र पाण्याच्या बादलीत मीठ घातलेलं पाणी ठेवायची प्रथा असेल तर विधी होताच ती रिकामी करून गोड्या पाण्यानं खंगाळा. रात्रभर ठेवलं की पितळेला खड्डे पडतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाचे अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे असतील तर त्यांना सोडा आणि चिंच दोन्ही वर्ज्य, फक्त साबण.

पुन्हा मुलामा द्यायचा झाला तर. ‘सोन्याचं पाणी’ देणारी दुकानं पुष्कळ, पण त्यांना काय सांगायचं ते आपल्याला माहीत हवं. आधी कॅलिस पूर्ण सुटा करून द्या. मुलाम्याच्या द्रावात सायनाइडचे क्षार असतात आणि पोकळ दांड्यात त्याचा थेंबही राहता कामा नये. ‘मशीन बफ मारू नका’ हे लिहून द्या, नाहीतर सोनं चढायच्या आधीच नक्षी सपाट होते. आतून किमान 3 मायक्रॉन, 24 कॅरेट, असं लेखी घ्या. हिशेब सोपा आहे: साधारण वाटीचा आतला पृष्ठभाग 200 चौरस सेंटिमीटर धरला तर 3 मायक्रॉनला सुमारे 1.2 ग्रॅम सोनं लागतं. कोणी त्या सोन्याच्या भावापेक्षाही कमी पैशात सगळं काम करून देत असेल तर तो काय चढवणार हे उघड आहे. पितळेवर आधी निकेलचा अडसर-थर देतात, म्हणजे जस्त-तांबं सोन्यात झिरपत नाही. वाटी देताना आणि घेताना वजन करा. नवा मुलामा दिल्यावर पात्राचं पावित्र्य जातं का, हा प्रश्न नेहमी येतो. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मसंहितेत (कलम 1305) ते जात नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. तरी फादरांना विचारूनच पाठवा आणि पाठवण्याआधी शुद्धीकरण झालेलं असू द्या.

यातून एक वर्ग पूर्ण वगळा: पोर्तुगीज काळातली भांडी. 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं. त्याआधीचा सोन्याचा मुलामा बहुधा पाऱ्यात कालवून, आगीवर पारा उडवून बसवलेला असायचा. तो जाड, उबदार रंगाचा आणि किंचित असमान दिसतो. तो कसा दिसतो हे डोळ्यांत बसवायचं असेल तर जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात एक दुपार घालवा. असं भांडं मुलाम्याच्या दुकानात गेलं की त्याचं मूळ सोनं खरवडून निघतं आणि ते परत येत नाही. अशा वस्तूसाठी मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी विचारावं.

साठवणीवर अर्धी लढाई जिंकता येते. वर्तमानपत्र, रबर बँड, लोकरीचं फेल्ट आणि जुनी रंगीत मखमल यांतून गंधक किंवा आम्ल सुटतं. रबर बँड तर चांदीवर अक्षरशः काळी रेघ उमटवतो. नव्या प्लायवुडच्या कपाटातून आणि ताज्या तैलरंगातून वाफा येतात, म्हणून पोलादी कपाट बरं. डांबरगोळ्या आणि कापूर त्या कपाटात नकोत. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून झिप असलेल्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवा. पीव्हीसीची चिकट फिल्म नको. वीसेक लिटरच्या बंद डब्यात 100 ग्रॅम सिलिका जेल टाका, नारिंगी रंगाचं घ्या, आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास वाळवा. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता 80-90 टक्के असते. डब्यात ती 50 च्या खाली राहिली तर चांदी काळी पडण्याचा वेग खूपच मंदावतो. आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो. आणि चांगला कॅलिस सणासाठी राखून ठेवू नका. नियमित वापरलेली, धुतलेली, पुसलेली चांदी कपाटातल्या चांदीपेक्षा कमी काळी पडते.

या नाताळासाठी क्रम असा ठेवा. हिरवे डाग असलेला कॅलिस आजच बाजूला, दुसरा वापरात. मॉन्स्ट्रन्स फक्त कुंचला आणि कोरडं कापड. धुपाटणं आणि स्टँड सणाच्या आठवडाभर आधी, म्हणजे वाळायला वेळ मिळेल. नाताळ झाल्यावर, जानेवारीच्या कोरड्या हवेत, मुलाम्याचं काम. आणि सॅक्रिस्टीत एक वही: प्रत्येक भांड्याचा चारही बाजूंनी फोटो, ग्रॅममधलं वजन, तळाचा शिक्का, कशानं आणि कधी साफ केलं, मुलामा कुठे आणि किती मायक्रॉनचा दिला. तुमच्यानंतर येणारा सॅक्रिस्टन पितांबरीची डबी उघडण्याआधी ती वही उघडेल अशा जागी ती ठेवा.